कोरड्यास

मृगाचा पहिला शिडकावा आला की भूमच्या बाजारपेठेतली माणसं दुकानाबाहेर येतात आणि वर बघत उभी राहतात. बालाघाटाच्या माथ्यावरचा आमचा हा तालुका. इथं काळा ढग दिसला तरी घरी पाहुणा आल्यासारखं वाटतं. नेमकं त्याच वेळी आमचे दाजी आपल्या फोटो स्टुडिओचं शटर अर्ध्यावर ओढतात, आत जातात आणि एका डब्याकडं बघत बसतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. संपत्ती म्हणाल तर दोन कॅमेरे, पाच लेन्स आणि एक ड्रोन. वैरी एकच, ओल. आमच्याकडं भाकरीबरोबर तोंडी लावायला जे असेल त्याला कोरड्यास म्हणतात, मग ताटात रस्सा का वाहत असेना. दाजींचा ध्यास बघून गावानं त्यांचंच नाव कोरड्यास ठेवलं. दाजींना याचं वाईट वाटत नाही. उलट ते म्हणतात, "कौतुकानं म्हणत्यात."

या ध्यासामागं एक जुनं दुखणं आहे. धंद्यात नवे असताना त्यांनी उसनवारी करून एक चांगली लेन्स घेतली होती. आषाढी एकादशीला देव झोपले, लग्नं थांबली, तशी दाजींनीही लेन्स चामड्याच्या पाकिटात घालून लाकडी कपाटात झोपवली. तुळशीचं लग्न लागल्यावर उठवली, तर आत कोळ्यानं जाळं विणल्यासारखी बुरशी. अंधार, कोंडलेली हवा, ओल धरून ठेवणारं चामडं आणि चार महिन्यांची सवड. बुरशीला याहून सोयीचं सासर कुठं मिळणार? दाजींच्या लक्षात येईपर्यंत त्या लेन्सवर एक लग्न उरकलंही होतं. अल्बममध्ये नवरी-नवरदेवासकट सगळी वरात धुक्यात. नवरीचे वडील खूश होऊन म्हणाले, "महाबळेश्वरला लगीन लावल्यागत वाटतंय!"

पुण्याच्या कारागिरानं लेन्समधून बॅटरीचा उजेड पाडून बघितलं आणि सांगितलं, "बुरशी निघेल. पण तिनं काचेवरचा लेप खाल्लाय, ते डाग राहतील." तेव्हापासून पावसात भिजलेल्या कॅमेऱ्यापेक्षा कपाटात कोंडलेल्या कॅमेऱ्याची दाजींना जास्त धास्ती. भिजलेला निदान दिसतो तरी.

पुण्याहून परत आल्यावर त्यांनी पहिली धाड घातली ती स्वयंपाकघरावर. ताईचा पापड-कुरडयांचा मोठा, चारी बाजूंनी खटके लागणारा हवाबंद डबा स्टुडिओत गेला. पापड आले पत्र्याच्या डब्यात, आणि श्रावणात त्यांची चामडी झाली. ताईनं तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, "पापड पुन्हा भाजता येतो. लेन्स भाजता येती का?" या प्रश्नाला ताईकडं आजतागायत उत्तर नाही.

डब्यात आर्द्रता दाखवणारं काडेपेटीएवढं यंत्र असतं. त्याचा आकडा ४० ते ५० च्या मध्ये असला की दाजींना भूक लागते. ५५ ला ते गप्प होतात. ६० च्या पुढं गेला की ताई मुलांना सांगते, "आज बापाच्या वाटंला जाऊ नका." पण यंत्रावर तरी विश्वास का ठेवावा? म्हणून त्याचीही परीक्षा होते. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ, त्यावर थेंबभर पाणी, मीठ ओलं व्हावं पण विरघळू नये. बूच आणि यंत्र एका पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी आकडा ७५ च्या आसपास आला तर यंत्र खरं. एकदा ७१ आला. दाजींनी यंत्राला चार टक्क्यांचा खोटारडा ठरवलं आणि वर पेननं 'अधिक ४' लिहून टाकलं.

खरा सोहळा मात्र सिलिका भाजण्याचा. सिलिका जेलचे निळे खडे ओल पीत पीत गुलाबी होतात. म्हणजे त्यांचं पोट भरलं. मग ते तापवून पुन्हा उपाशी करायचे. आमच्या भागात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ, कुंथलगिरीचा पेढा तर लांबलांब जातो, त्यामुळं कढईपुढं बसून ढवळत राहणं हे इथल्या माणसाच्या रक्तातच आहे. खवेवाला दूध आटेपर्यंत उठत नाही, दाजी गुलाबीचं निळं होईपर्यंत उठत नाहीत. आच मंद. जाळ वाढला तर खडे तडकतात. खुरपणीच्या लयीत उलथनं फिरतं. आधी कडेचे दाणे जांभळे पडतात, मग मधले, आणि मग एकदम सगळी कढई मोरपिसासारखी निळी. "आला बगा रंग!" दाजी ओरडतात. सुरुवातीला हा कार्यक्रम ताईच्या रोजच्या कढईत चाले. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं आणि ते पोटात जाणं बरं नाही, हे कळल्यावर ताईनं ती कढई दाजींच्या नावावर करून दिली. लग्नात आलेली कढई होती. सातबारा सोडून दाजींच्या एकट्याच्या नावावर असलेली ती एकमेव स्थावर.

ड्रोनचं दुखणं वेगळं. ड्रोन पाव किलोच्या आतला, सरकारी नियमांत 'नॅनो' गटातला, पण नखरे मोठ्या हत्तीचे. त्याच्या बॅटऱ्या पूर्ण भरून महिनोन्महिने ठेवल्या तर फुगतात, पार रिकाम्या ठेवल्या तर मरतात. म्हणून चातुर्मासात त्या निम्म्याशिम्म्या भरलेल्या ठेवायच्या. दाजी सगळ्यांना सांगतात, "अर्धपोटी ऱ्हायलं की आयुष्य वाढतं." हे सांगताना त्यांच्या पुढ्यात तिसरी भाकरी असते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, पण निदान पाषाण कोरडा होता.

मला वाटायचं, उन्हाळ्यात तरी हा माणूस सुखी असेल. एका मे महिन्यात गेलो. बाहेर चाळिशीपार ऊन, विहिरींनी तळ दाखवलेला, आणि दाजी कपाळाला हात लावून बसलेले. डब्यातला आकडा २४. "लई कोरडं पडलंय. ३० च्या खाली आतलं वंगण वाळतं, रबर कडक होतं," म्हणत त्यांनी निम्मी सिलिका बाहेर काढली. अवघा तालुका टँकरची वाट बघत असताना हा गृहस्थ १०-१५ टक्के ओलाव्यासाठी व्याकूळ होता.

मग २०२५ चा सप्टेंबर आला. भूम-परंड्याकडं असा पाऊस कोसळला की म्हाताऱ्यांनीही हात टेकले. नदीकाठची गावं पाण्यात, माणसं काढायला हेलिकॉप्टर. जन्मभर कोरड्या दुष्काळाचं गाऱ्हाणं सांगणारा आमचा जिल्हा 'ओला दुष्काळ जाहीर करा' म्हणू लागला. दाजींचा डबा मात्र ४४ वर.

तिसऱ्या दिवशी ताईच्या चुलत सासऱ्यांनी दार वाजवलं. गुडघ्यापर्यंत चिखल, काखेत प्लॅस्टिकची पिशवी. "रानाकडं जाताच येईना. वरनं बगता येईल का, काय उरलंय?"

दाजींची एरवीची उत्तरं मला पाठ होती. ड्रोनला पाणी चालत नाही, दमट हवेत उडवून तसाच पेटीत बंद केला तर आतून गंजतो. त्यांनी यातलं एकही म्हटलं नाही. हेलिकॉप्टर फिरत असताना ड्रोन वर न्यायचा नसतो, म्हणून आधी तलाठ्यांना फोन लावून विचारलं. उघडीप मिळताच ड्रोन उडवला. पडद्यावर सोयाबीनच्या जागी नुसतं चकाकणारं पाणी दिसत होतं, आणि पाणी ओसरलं तिथं माती खरडून उघडा पडलेला मुरूम. सासरे पडद्याकडं बघत म्हणाले, "कडूलिंब हाय की अजून." बाकी काही बोलले नाहीत. उतरता उतरता भुरभुर लागली. दाजींनी ड्रोन सदऱ्यात घेतला, पोर घेतात तसा.

मग सासऱ्यांनी काखेतली पिशवी उघडली. बँकेचं पासबुक, सातबारा, नातीची दहावीची गुणपत्रिका. सगळं लगदा होण्याच्या बेतात. दाजींनी चष्मा चढवला. एकेक कागद सोडवून वर्तमानपत्राच्या घडीत घातला, घड्या बदलत पंख्याखाली रात्र काढली. कागद नुसते सर्द उरले तेव्हा त्यांनी डबा उघडला आणि कॅमेरे, लेन्स, सगळं बाहेर काढून पलंगावर ठेवलं. कागद आत गेले. चारी खटके लागले. सकाळी आळीतली आणखी चार घरं पिशव्या घेऊन आली. आठवडाभर दाजींच्या पलंगावर कॅमेरे झोपले आणि दाजी जमिनीवर. कढई दिवसातून दोनदा चढत होती. यंत्राचा आकडा ६५ वर गेला, तर त्यांनी यंत्र पालथं घातलं.

चौथ्या दिवशी ताईनं कागदांच्या वर हळूच पापड ठेवले. दाजींनी बघितलं. काही बोलले नाहीत.

कागद वाळून कडकडीत झाले तसे ज्याचे त्याला गेले, प्रत्येकाबरोबर सिलिकाची एक पुडी आणि 'खाऊ नये' अशी चिठ्ठी. दिवाळीआधी सासरे आले, वाचलेल्या एका म्हशीच्या दुधाचा ताजा खवा घेऊन. दाजींनी तो हातात घेतला, दोन बोटांनी दाबला, नाकाशी नेला. आम्हाला वाटलं, त्यांचा कंठ दाटून आलाय.

"काका," ते म्हणाले, "ह्यात ओल जरा जास्तच ऱ्हायलीय बगा. आजून धा मिंटं ढवळाया पायजे होता."