तर्काला तेहतीस टक्के

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या दूरदृष्टीचे कौतुक करावे तेवढे थोडे. 2011 मध्ये नागरी सेवा पूर्व परीक्षेत ‘सीसॅट’ हा तर्क तपासणारा पेपर आला आणि भावी अधिकारी युक्तिवादांतली छिद्रे शोधू लागले. 2015 पासून हा पेपर केवळ पात्रतेपुरता उरला. 33 टक्के मिळाले की झाले. कारभाराला तर्क नेमका किती लागतो, याचे इतके काटेकोर माप आजवर कुणी काढले नव्हते. त्याहून जास्त झाला की फाइली अडतात.

प्रश्न साधारण असा असतो: ‘बाजारात कॅमेरे बसवले. नंतर चोऱ्या घटल्या. म्हणजे कॅमेऱ्यांमुळेच घटल्या.’ हा युक्तिवाद कमकुवत करणारे विधान कोणते? ‘त्याच महिन्यात बाजार दुसरीकडे हलवला.’ उमेदवार गोल काळा करतो, अडीच गुण घेतो. पुढे तोच साहेब होतो आणि कॅमेऱ्यांची यशोगाथा छापायला त्याच्याच टेबलावर येते. इथे शिक्षण कामी येते. अहवालातून नेमके कोणते वाक्य गाळायचे, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही.

गुणदानही सुसंगत आहे. परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक-तृतीयांश गुण कापतात. नोकरीत बरोबर उत्तराला बदली मिळते.

आमची एकच नम्र सूचना. प्रत्येक सरकारी जाहिरातीखाली ‘हा युक्तिवाद कमकुवत करणारे विधान कोणते?’ हा प्रश्न चार पर्यायांसह छापावा. मात्र ‘वरीलपैकी एकही नाही’ हा गोल छापखान्यातूनच काळा होऊन यावा. नागरिकांना पेन शोधण्याचा त्रास नको.