रोडियमचा षड्ज

प्लगच्या पिनांना सोन्याचं पाणी दिलं की किशोरीताईंचा गंधार उबदार होतो, असं मानणारी माणसं जगात आहेत आणि ती बहुतेक सज्जन असतात. आमचे साडूभाऊ त्यांतलेच. ते पुण्यात राहतात. त्यांच्या घरातल्या एका खोलीत दोन उंच स्पीकर आहेत आणि त्यांच्यासमोर नेमकी मधोमध एक खुर्ची. एकच. दुसरी ठेवली तर ती मधोमध येत नाही. त्यामुळे त्या खोलीत बाकीचे सगळे दारात उभे राहून गाणं ऐकतात, दर्शनाच्या रांगेत थांबल्यासारखे.

साडूभाऊंकडे धातूंचं एक कोष्टक आहे. सोन्याचा मुलामा असलेली पिन आवाजाला ऊब देते, जरा गोलाई देते. चांदीच्या मुलाम्याने वरच्या सप्तकात चकाकी येते. रोडियम थंड, पारदर्शक. तबल्याच्या शाईवर बोट कुठे पडलं तेसुद्धा दाखवतं. नुसतं तांबं मऊ आणि खर्जात भरदार. निकेलबद्दल मात्र कोणीच चांगलं बोलत नाही. निकेलचा आवाज म्हणे 'सपाट' असतो.

हे कोष्टक मी मन लावून ऐकतो, आणि दर वेळी मला वाटतं की हे सगळं सराफाच्या काचेबाहेर उभं राहूनही सांगता आलं असतं. सोनं पिवळं, म्हणून आवाजाला ऊब. चांदी चकचकीत, म्हणून चकाकी. रोडियम निळसर पांढरं, म्हणून थंडावा. कान तोंड उघडण्याआधीच डोळ्यांनी निकाल लावलेला असतो. उद्या कोणी शिशाची पिन बाजारात आणली तर तिचा आवाज बोजड आहे असं सगळे एकमुखाने सांगतील, प्लग खोक्यातून बाहेर न काढता.

रोडियम हे नाव आमच्या मालेगावला परकं नाही. कोणत्याही सराफाकडे पांढऱ्या सोन्याची अंगठी द्या, तो 'रोडियम करून देतो' म्हणतो. विल्यम वोलास्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्लॅटिनमच्या खनिजातून हा धातू वेगळा काढला. त्याचे क्षार गुलाबी दिसले, म्हणून ग्रीक गुलाबावरून नाव ठेवलं. हवेने तो काळा पडत नाही आणि टणक असल्यामुळे सहसा झिजत नाही. मोटारींच्या धुरातले विषारी वायू निवळायला तो लागतो, म्हणून त्याचा भाव कधीकधी आभाळाला टेकतो. २०२१च्या मार्चमध्ये तो औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास गेला होता. संगीताशी त्याचा मला ठाऊक असलेला निर्विवाद संबंध एकच: १९७९ साली गिनीजवाल्यांनी पॉल मॅकार्टनीचा गौरव केला, तेव्हा त्याला रोडियमचा मुलामा दिलेली तबकडी भेट दिली होती. भिंतीवर लावायला.

मुलाम्याचं खरं काम आमच्या आईला नीट माहीत होतं. गल्लीत कल्हईवाला आला की पितळी पातेली बाहेर निघायची. तो भाता मारायचा, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथील लावायचा आणि बोळा फिरवला की आतून लख्ख. कल्हई उडालेल्या पातेल्यात चिंचेची आमटी राहिली तर ती कळकते, हे घरातल्या पोरालाही ठाऊक होतं. पण कल्हईमुळे आमटीला चव आली असं आई कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. कल्हई असली की आमटी बिघडत नाही, एवढंच. पिनेवरचं सोनं हीसुद्धा कल्हईच. खालच्या तांब्या-पितळेवर हवेने काळपट थर धरू नये, म्हणून दिलेली.

सोन्याला कमी लेखायचं नाही. रेकॉर्डच्या सुईतून किंवा कॅसेटच्या हेडमधून विजेची जी झुळूक येते, ती मिलिव्होल्टमध्ये मोजायची असते. तिथे जोडावर गंजाचा पापुद्रा आला तर गाणं खरोखर खरखरतं. मालेगावात तर यंत्रमागांमुळे कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात, हेडवरही बसतात. तिथे सोनेरी जॅक असावाच. पण भिंतीतले २३० व्होल्ट म्हणजे झुळूक नव्हे. ते आधी ट्रान्सफॉर्मरमध्ये उतरतात, मग डायोड त्यांना एका दिशेला वळवतात, मग कपॅसिटरच्या टाक्या भरतात, आणि त्या टाक्यांतलं पाणी पिऊन अँप्लिफायर गातो. विहिरीपासून इतक्या लांब आलेल्या त्या पाण्याला पहिल्या बादलीच्या कडीचा रंग कसा लागणार?

आणि गंमत अशी, की वीज वाहून नेण्यात पहिला नंबर चांदीचा, दुसरा तांब्याचा, सोनं तिसरं. रोडियम तांब्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. म्हणजे वहनाच्या हिशेबाने तांब्यावर सोनं चढवणं ही बढती नसून सन्मानपूर्वक खालच्या जागी केलेली बदली आहे. तरी काही बिघडत नाही, कारण थर असतो अर्धा मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याइतका. एका संध्याकाळी मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. दहा चौरस मिलिमीटरच्या स्पर्शावर अर्धा मायक्रॉन रोडियमचा रोध साधारण दोन नॅनोओम येतो. घरातल्या बोर्डापासून सॉकेटपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची दहा मीटर तांब्याची वायर धरली, तर जाऊन-येऊन रोध सव्वादोन दशांश ओमच्या आसपास. मुलाम्याच्या दहा कोटी पट. बरं, दोन धातू टेकतात ते सगळ्या अंगाने नाही, सूक्ष्म उंचवट्यांवर टेकतात. रॅग्नर होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने आयुष्यभर हेच तपासलं. म्हणून स्पर्शाची जागा हजारपट कमी धरली, तरी वायर लाखपट जड जाते. आणि ती वायर तर घरातली. खांबावरून मीटरपर्यंत येणारी तार बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमची असते, हे मी साडूभाऊंना अजून सांगितलेलं नाही.

होल्मच्या अभ्यासातून खरी महत्त्वाची ठरते ती दाबाची गोष्ट. सॉकेटच्या आतली पट्टी पिनेला किती घट्ट धरते, यावर सगळं. आपल्याकडच्या जुन्या पितळी पिना मधोमध चिरलेल्या असायच्या. प्लग सैल झाला की त्या फटीत स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून पिन हलकेच फाकवायची, की पुन्हा घट्ट. हे तंत्र आमच्याकडे बारा वर्षांच्या मुलालाही येत होतं आणि त्याने आवाजात जो फरक पडायचा तो दारात उभ्या असलेल्यालाही कळायचा, कारण त्याआधी रेडिओ बंद असायचा.

तर गेल्या दिवाळीनंतर साडूभाऊ मालेगावला आले ते माझ्यासाठी भेट घेऊन. मखमली पिशवीत बोटाएवढी जाड केबल, तिच्या टोकाला रोडियमचा मुलामा दिलेला जपानी प्लग. किंमत त्यांनी सांगितली नाही, पण पिशवी ज्या हाताने माझ्याकडे दिली तो हात सांगत होता. प्लग युरोपी घाटाचा. असले भारी प्लग सहसा अमेरिकी, युरोपी किंवा ब्रिटिश घाटात येतात. आपल्या गोल तीन पिनांसाठी एवढं रोडियम वाया घालवायला कोणी तयार नसतं. युरोपी पिन ४.८ मिलिमीटर जाड, आपल्या सहा अँपिअरच्या सॉकेटची पिन पाचाहून थोडी जास्त. अंतर मात्र सारखंच, १९ मिलिमीटर. म्हणजे जाते, पण डुलते. शिवाय आपल्या सॉकेटची झडप वरची अर्थिंगची पिन आत गेल्याशिवाय उघडत नाही, आणि या प्लगला वरची पिनच नाही. साडूभाऊंनी माझ्या बॉलपेनचं टोपण वरच्या भोकात खुपसलं, झडप उघडली आणि रोडियम आत सरकवलं. टोपण तिथेच राहिलं.

रात्रीचे नऊ वाजले होते. गुरुवार. आमच्या घरामागे एक कारखाना आहे आणि मालेगावात 'घरामागे कारखाना' हे कोणालाही म्हणता येतं. इथे यंत्रमाग लाखांच्या घरात. साध्या मागावर धोटा मिनिटाला शे-दीडशे वेळा इकडून तिकडे फेकला जातो आणि चालत्या खात्यात उभं राहिलं तर आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. माग सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. आमचा दिवा तेव्हा डोळा मिचकावतो. लाइट गेली की इन्व्हर्टर येतो, आणि स्वस्तातला इन्व्हर्टर असला की पंखासुद्धा तंबोऱ्यासारखा गुणगुणायला लागतो. ते ऐकायला सोनेरी कान लागत नाहीत. याच गावात नासिर शेख यांनी हौशी मंडळींना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला, आणि दिवसभर मागावर उभ्या राहिलेल्या माणसांनी तो व्हिडिओ पार्लरमध्ये पाहिला. त्या प्रेक्षकांना आवाज मोठा हवा असायचा, आणि त्यात रसिकतेचा काही कमीपणा नव्हता.

साडूभाऊंनी डोळे मिटले. मारवा लागला. मध्येच भुर्रर्र आवाज झाला, प्लग डुलला, मारवा थांबला. पुन्हा दाबला. अर्थिंग नसल्यामुळे षड्जाच्या जोडीला एक जाड 'हुंऽ' चालू होता. साडूभाऊ म्हणाले, "साडूभाऊ, रोडियमला शंभर तास तरी वाजवावं लागतं. मग उघडतो तो." सौ. आतून म्हणाली, "अहो, ते टोपण काढा आधी तिथून."

त्यांच्या या श्रद्धेची चेष्टा करायला मन होत नाही. जपानमध्ये काही शौकिनांनी आवाज शुद्ध यावा म्हणून अंगणात स्वतःचा विजेचा खांब आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मर उभा केला, असं वॉल स्ट्रीट जर्नलने २०१६ मध्ये छापलं होतं. त्या मानाने टोपण काहीच नाही. २००४ मध्ये अमेरिकेत शौकिनांनाच बसवून, कोणती पॉवर केबल लावली आहे ते न सांगता चाचणी घेतली गेली. उत्तरं नाणं उडवून दिली असती तरी तेवढीच बरोबर आली असती. पण प्लग बदलल्यावर फरक ऐकू येतो हे सांगणारा खोटं बोलत असतो असं नाही. जुना प्लग काढताना-घालताना पिनेवरचा काळा थर खरवडला जातो. सैल स्क्रू आवळले जातात. आणि मुख्य म्हणजे इतके पैसे खर्चून माणूस महिन्यांनंतर प्रथमच फोन बाजूला ठेवून गाणं ऐकायला बसतो. त्याने काय काय ऐकू येईल ते सांगता येत नाही.

सकाळी मी वायरमन चाचांना बोलावलं. त्यांनी टोपण पाहिलं, प्लग पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "साहब, पिन चांदी की है क्या?" साडूभाऊंनी अभिमानाने रोडियम सांगितलं. चाचांनी मान हलवली. "और अर्थिंग?" यावर कोणी बोललं नाही. चाचांनी सॉकेट उघडलं. आतली एक पट्टी जळून निळी-काळी झाली होती आणि न्यूट्रलच्या स्क्रूखाली वायरचे दोनच तंतू राहिले होते. बाकीचे कधीतरी तुटून मागे वळले होते. चाचांनी ते टोक कापलं, नवं सोललं, तंतूंना पीळ दिला, दुमडून स्क्रूखाली घातलं आणि आवळलं. नवं सोळा अँपिअरचं सॉकेट बसवलं, अर्थिंग तपासलं आणि माझ्या जुन्याच केबलला साधा गोल पिनांचा प्लग लावला. पितळेचा, वर निकेल. जुम्म्याची नमाज गाठायची म्हणून घाईत होते, तरी जाताना म्हणाले, "इसको हिलाके देखो।" हललं नाही.

दरम्यान मी त्या मखमली प्लगचा हिशेब करून ठेवला होता. दोन पिनांवर तोच अर्धा मायक्रॉन थर धरला तर रोडियम भरतं जेमतेम चार मिलिग्रॅम. २०२१च्या त्या आभाळाला टेकलेल्या भावानेही अडीचशे-पावणेतीनशे रुपयांचं. चाचांची मजुरी त्याहून जास्त होती आणि साडूभाऊंनी तीत पन्नास रुपये कमी करायला लावले.

मग मारवा लावला. शुक्रवार. गावातले माग बंद, मागचा कारखाना बंद, व्होल्टेज एका जागी, 'हुंऽ' गेलेला. साडूभाऊ मधोमध बसले. कोमल रिषभ लागला तेव्हा त्यांची मान आपोआप कलली. रेकॉर्ड संपेपर्यंत ते बोलले नाहीत. मग उठले, सॉकेटजवळ गेले, वाकून प्लगच्या पिनांकडे, म्हणजे जेवढ्या बाहेरून दिसत होत्या तेवढ्यांकडे, बराच वेळ पाहत राहिले.

"निकेलबद्दल लोकांनी फार अन्याय केलाय," ते म्हणाले.

मी मागांची सुट्टी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सौ.ने चहा आणला आणि डोळ्यांनी मला गप्प केलं. पाहुण्याला कशाला, असा त्या डोळ्यांचा अर्थ होता.

संध्याकाळी साडूभाऊ मला घेऊन बाजारात गेले. हार्डवेअरच्या दुकानात ते प्लग पोत्यात भरलेले असतात आणि दुकानदार ते मूठभर काढून काउंटरवर ओततो. साडूभाऊंनी त्यांतले अर्धा डझन निवडले, एकेक उजेडाकडे धरून. पैसे देताना त्यांनी दुकानदाराला पुन्हा पुन्हा विचारून घेतलं, की हे सगळे एकाच लॉटमधले आहेत ना.