गट नंबर बदलला

अहमदपुरात काही बिघडलं की सल्ला ठरलेला: लातूरला न्या, नाहीतर नांदेडला. कलेक्टर कचेरी लातूरला, विद्यापीठ नांदेडचं. दोन्हीकडे चपला झिजवायची आम्हाला सवयच आहे. माझ्या कॉम्प्युटरमध्येही दोघं नांदतात. लिनक्स अशासाठी की यंत्र म्हातारं, हलक्या ओझ्यावर जरा पळतं. आणि विंडोज, कारण आमच्या छापखान्याला अजून श्रीलिपीच लागते.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला. गेमला जागा हवी म्हणून त्यानं विंडोजमधून डिस्कवरचा एक रिकामा कप्पा उडवला आणि गावाला निघून गेला. दुसऱ्या दिवशी काळा पडदा. त्यावर ‘नो सच पार्टिशन’, खाली ‘ग्रब रेस्क्यू’ आणि एक लुकलुकती रेघ. दुकानातल्या पोरानं पेटीला हातही न लावता निदान केलं, “फॉरमॅट मारावं लागतंय, सर.”

“आणि आतलं सगळं?”

“ते जातंय की.”

कॉम्प्युटरला सर्दी झाली तरी आमच्याकडे फॉरमॅटच मारतात.

वास्तविक भानगड सातबाऱ्याची होती. जुन्या पद्धतीच्या डिस्कचा कारभार पहिल्या ५१२ बाइटांत चालतो: ४४६ बाइट सुरुवातीच्या हुकमांना, ६४ बाइटांत वाटण्यांची नोंद, उरलेले दोन खुणेचे. नोंद चारच वाटण्यांची मावते. वारस वाढले की एका वाटणीचे पोटहिस्से पाडायचे. त्यांचे नंबर पाचापासून सुरू. आणि मधला एखादा पोटहिस्सा उडाला, की पुढचे सगळे एकेक नंबर खाली सरकतात. भाच्यानं पाचवा उडवला, सहाव्यातलं लिनक्स पाचवं झालं. दोघांपैकी कुणाला उठवायचं हे विचारणारा जो ग्रब, तो मात्र सहाव्या गटाचा उतारा हातात धरून बांधावर उभा. रान जागच्या जागी, पीकही उभं. अशा वेळी माणूस तलाठ्याकडे दुरुस्तीचा अर्ज देतो, उभ्या पिकात नांगर घालत नाही.

अर्ज त्या लुकलुकत्या रेघेवरच करायचा असतो. ‘एलएस’ लिहिलं की ग्रब होते नव्हते तेवढे हिस्से कंसात मांडतो. एकेकात डोकावायचं, ज्यात बूट आणि त्याच्या पोटात ग्रब नावाचा फोल्डर सापडेल, तो आपला. ‘सेट प्रीफिक्स’ म्हणून त्याचा पत्ता द्यायचा, मग ‘इन्समॉड नॉर्मल’, आणि शेवटी नुसतं ‘नॉर्मल’. एवढा एक शब्द लिहिला आणि यंत्र खरोखरच नॉर्मल झालं! घरात कुणावर हा हुकूम चालवून पाहण्याची हिंमत मला अजून झालेली नाही. यादी आली, लिनक्स उठलं, मग ‘ग्रब-इन्स्टॉल’नं नवा नंबर पक्का केला. हे राहिलं असतं तर सकाळी पुन्हा तोच काळा पडदा.

नव्या यंत्रांत हा ५१२ बाइटांचा संसार उरलेला नाही, तरी भांडण मिटलंय असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर जगभर कित्येकांचं लिनक्स उठेना. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी फार गंभीर बिघडल्याची वर्दी. ती वाचून कितीजणांनी फॉरमॅट मारलं असेल कोण जाणे.

दोघांचं घड्याळावरून मात्र अजून जमत नाही. यंत्रातल्या घड्याळात लिनक्स ग्रिनिचची वेळ लावतं, विंडोज तीच इथली समजतं. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं, की नेट जोडेपर्यंत साडेपाच तास मागे. तोडगा एका ओळीचा आहे, मला ठाऊकही आहे. पण सकाळी अकराला केलेल्या फाईलवर पहाटे साडेपाचची वेळ पडते, आणि पेनड्राइव्ह उघडून छापखान्याचा मालक म्हणतो, “सर, या वयात इतक्या लवकर उठताव?” मी नुसतं हसतो.