पंचवीस हजारांची बॅटरी कशी बाळगावी

ज्याच्या घरी एक बॅटरी आहे, त्याला अंधारात दिसते. ज्याच्या घरी दहा आहेत, त्याला दिवसाढवळ्या अकरावी दिसू लागते. प्रस्तुत मार्गदर्शन या दुसऱ्या वर्गासाठी आहे, आणि त्यातही चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्या किंवा बदली होऊन इकडे आलेल्या मंडळींसाठी. पुण्या-मुंबईच्या बॅटरीधारकांनी ते वाचायला हरकत नाही, पण त्यांची मूळ अडचण आम्ही सोडवू शकत नाही. त्यांच्याकडे उजेड पाडायला अंधारच उरलेला नाही. एक लाख ल्युमेनची बॅटरी मागवायची (अशी खरोखरच मिळते) आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमनच्या रिकाम्या खुर्चीवर तिचा झोत मारायचा, यात काय राम आहे? अंधार हवा तर इकडे या. आलापल्ली सोडून भामरागडची वाट धरली की दोन्ही बाजूंच्या झाडीत पहिल्या प्रतीचा अंधार मिळतो आणि त्यावर अजून जीएसटी लागलेला नाही.

गंमत म्हणजे याच चंद्रपुरात २९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे. साऱ्या महाराष्ट्राला उजेड पुरवून झाला की आमच्या खेड्यांतली लाइन सवडीने येते आणि वारा सुटला की जाते. तेव्हा बॅटरी हा इथे शौक नसून स्वावलंबन आहे, असे घरात सांगता येते. हे वाक्य पाठ करून ठेवावे. किंमत विचारली जाईल तेव्हा लागेल.

आता खरेदी. तीनशे रुपयांत उत्तम चालणारी बॅटरी आठवडी बाजारात मिळते. ती घ्यायची असेल तर लेख इथेच सोडावा. शौकिनाची बॅटरी घडवून घेतलेली असते. सातासमुद्रापार एखादा कारागीर लेथवर धातूचा दांडा कातून ती करतो, अधूनमधून थोड्याशा नगांची नोंदणी उघडतो आणि आपण झोपेत असताना ती बंदही करतो. मग महिनोन्‌महिने वाट पाहायची. या काळात जुनी बॅटरी हातात धरताना चेहऱ्यावर किंचित उपकाराचा भाव असावा.

धातू निवडताना काळजी घ्यावी. तांबे उष्णता झकास वाहून नेते, पण ते जड. हाताचा घाम लागून ते काळवंडते आणि या काळवंडण्याला शौकिनांत 'पॅटिना' म्हणून मोठा मान आहे. सहा महिन्यांत कमावलेला पॅटिना आई एका सकाळी चिंचेने घासून लख्ख करून ठेवते, हा तांब्याचा दुसरा दोष. टायटॅनियम हलके, देखणे आणि गंजाला दाद न देणारे. मात्र उष्णता वाहून नेण्यात ते अगदीच कुचकामी. राहिले ॲल्युमिनियम. ते स्वस्त, वजनाला कमी आणि उष्णता नेण्यात चांगले. म्हणून त्याचा विचार करू नये.

उष्णतेचा हा घोळ आमच्या भागात जरा गंभीर आहे. आजकालच्या भारी बॅटरीत तापमान मोजणारी चिप असते. अंग पन्नास अंशांच्या आसपास तापले की बॅटरी आपण होऊन मंद होते. खोक्यावरचे चार हजार ल्युमेन म्हणजे बहुधा पहिल्या मिनिटाचे चार हजार. पुढच्या तासाचा आकडा बारीक अक्षरात असतो. हे थंड देशातल्या कारागिराने थंड देशासाठी ठरवलेले गणित. चंद्रपूरचा मे महिना त्याच्या हिशेबात नाही. पारा पंचेचाळीसच्या वर गेलेल्या दुपारी तिला हात लावावा, तर काम सुरू करण्याआधीच ती दमलेली असते. तिची कीव करावी, पण ती गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, असा साधारण नियम आहे. त्यामुळे मे महिन्यात चार्जिंगचा मुहूर्त पहाटेचा, आणि तोही लाइन असेल तर.

सेल या विषयावर एक इशारा. १८६५० या आकड्याला घाबरू नये; १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी, एवढेच तो सांगतो. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजार एमएएचच्या आसपास असते. ज्या सेलवर ९९०० लिहिलेले असते त्यात खोटेपणा तेवढा पूर्ण भरलेला असतो. जुन्या पिढीला हे प्रश्न नव्हते. एव्हरेडीची 'जीवनसाथी' किंवा अलाहाबादची 'जीप' घ्यायची, तीन जाडे सेल आत सोडायचे, पिशवीत चुकून बटण दाबले जाऊ नये म्हणून शेवटचा सेल उलटा घालायचा, आणि उजेड पिवळा पडला की सगळे सेल काढून उन्हात वाळत टाकायचे. उन्हाने ते खरोखर थोडे जिवंत होत. नव्या सेलवर हा प्रयोग करू नये. ते जिवंत होत नाहीत, पेटतात.

उजेडाचा रंग हा विद्वानांचा प्रांत आहे. स्वस्त बॅटरीचा उजेड निळसर असतो, आणि त्यात सागाचा वाळका पाचोळा व त्यात वेटोळे घालून बसलेली घोणस ही दोन्ही एकाच राखी रंगाची दिसतात. म्हणून रंग खरे दाखवण्याचा अंक, म्हणजे सीआरआय, नव्वदीच्या वर असलेला एलईडी घ्यावा. निचियाचा ५१९ए या बाबतीत नावाजलेला आहे. इथपर्यंत शहाणपण. यापुढे मंडळी पांढऱ्या भिंतीवर झोत टाकून तो किंचित हिरवा आहे की किंचित गुलाबी यावर वाद घालतात. या वादात पडलेला माणूस जंगलात जातच नाही, त्यामुळे घोणसही सुरक्षित राहते.

आता सर्वांत महत्त्वाचा आकडा: झोत किती लांब जातो? अमेरिकेत २००९ साली बॅटऱ्यांच्या मोजमापासाठी एफएल-१ नावाचे मानक ठरले. झोताची तीव्रता कँडेलात घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि ते दुप्पट करायचे; आले मीटर. दहा हजार कँडेला असतील तर २०० मीटर, नव्वद हजार असतील तर ६००. हे ६०० मीटर म्हणजे काय? तर तिथे पोचेपर्यंत झोताचा पाव लक्स उरतो, म्हणजे स्वच्छ रात्रीच्या पौर्णिमेइतका. थोडक्यात, सहाशे मीटरवरच्या मोहावर तुम्ही पंचवीस हजार रुपये खर्चून चांदणे पाडलेत. ते इथून तुम्हाला दिसेल अशी हमी कुणीच दिलेली नाही.

या शोधाचा अर्थ बुद्धपौर्णिमेला नीट उमगतो. त्या रात्री ताडोब्याच्या बफरमध्ये पाणवठ्यांवरच्या मचाणांवर निसर्गप्रेमींना बसवतात. पूर्वी या रात्री पाणवठ्यावर येणाऱ्या जनावरांची मोजदाद होई. आता मुख्यतः अनुभव घ्यायचा. बॅटरी सोबत असते, पण पाणवठ्यावर मारायची नसते. खोक्यावरच्या सहाशे मीटरच्या टोकाला जेवढा उजेड, तेवढा साऱ्या जंगलभर आपोआप पडलेला असतो. त्याला चार्जिंग लागत नाही, तो तापून मंद होत नाही, आणि त्याचा टिंट हिरवा आहे की गुलाबी हे कुणी विचारत नाही. बॅटरीधारकाने ही रात्र मांडीवर हात ठेवून काढावी. बटणावर ठेवू नये.

कारण जनावरांवर झोत मारणे हा या भागातला सर्वांत मोठा मोह आणि सर्वांत मोठा गाढवपणा आहे. वाघाच्या, बिबट्याच्या, चितळाच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा थर असतो. झोत पडला की ते पेटल्यासारखे दिसतात. जुन्या काळी शिकारी याच युक्तीने जनावर टिपत. आता १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि रात्री जंगलाच्या कडेने झोत फिरवणारा माणूस हौशी आहे की शिकारी, हे वनरक्षकाला लांबून कळत नाही. जवळून तर अजिबात कळत नाही. 'मी फक्त बीम पॅटर्न बघत होतो' हे उत्तर पंचनाम्यात शोभत नाही.

डोळे पाहायची हौस असेल तर कायदेशीर वाट आहे आणि ती अंगणातून जाते. बॅटरी कानशिलाला लावून, अगदी डोळ्यांच्या रेषेत, दवाने भिजलेल्या गवतावर मंद झोत टाकावा. जागोजागी हिरवट-निळे कण चमकतील. दवाचे वाटतील, पण जवळ जाऊन पाहिले तर प्रत्येकाच्या मागे एकेक कोळी बसलेला असतो. कच्च्या रस्त्यावर तांबडा निखारा दिसला आणि जवळ जाताच उडाला, तर तो रातवा. पैसे इथे वसूल झाले असे समजावे. शेजारी विचारतील तर मात्र कोळ्यांचे सांगू नये.

स्ट्रोब, म्हणजे डोळे दिपवणारी लुकलुक, ही सोय जवळपास प्रत्येक भारी बॅटरीत असते. जाहिरातीत ती हल्लेखोरासाठी असते. गडचिरोलीत ती विसरून जावी. एटापल्ली-भामरागडकडच्या झाडीत रात्री लुकलुकणाऱ्या उजेडाचा अर्थ लावणारी मंडळी वर्षानुवर्षे दोन्ही बाजूंना होती, आणि विनोदबुद्धीला कुठेच फारसा वाव नव्हता.

मग बॅटरी लावायची तरी कुठे? झाडीपट्टीच्या नाटकाला न्यावी. दिवाळी-मंडईपासून होळीपर्यंत वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव जातात. नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. मंडपात बॅटरी लावू नये, खलनायकाच्या तोंडावर तर नाहीच, लोकांना कितीही बरे वाटले तरी. तिचे खरे काम परतीच्या पांदणीत. अर्धे गाव एकत्र चालत निघते, तुमची बॅटरी पाहून सगळे आपापल्या विझवतात आणि तुमच्या झोतात पुढे चालू लागतात. सगळ्यांना आपले पाय दिसतात. तुम्हाला सगळ्यांच्या पाठी दिसतात.

किंवा जागलीला न्यावी. रानडुकरांपासून धान राखायला माणूस मचाणावर रात्र काढतो, तिथे घडवून घेतलेल्या बॅटरीची अस्सल देशी आवृत्ती भेटते: मोटारसायकलचा हेडलाइट, खांद्याला लटकवलेली बारा व्होल्टची बॅटरी, मध्ये सुतळीने बांधलेली वायर. टायटॅनियम नाही, सीआरआय माहीत नाही, प्रतीक्षायादी नाही. गावातला मेकॅनिक संध्याकाळपर्यंत करून देतो. हिच्याशी आपल्या बॅटरीची तुलना करण्याच्या भानगडीत पडू नये. डुकरे निकाल लगेच देतात.

पण सर्वांत कडक परीक्षा मार्च-एप्रिलात होते. मोह रात्री उशिरा आणि पहाटे गळतो. टोपल्या घेऊन बाया उजाडायच्या आत रानात शिरतात. मोहाचा वास अस्वलालाही आवडतो, आणि वाकून फुले वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही. म्हणून घोळक्याने जायचे, मोठ्याने बोलत राहायचे, एकीने मान वर ठेवायची. इथे जो उजेड लागतो तो दहा-पंधरा पावलांचा, चहूकडे पसरणारा आणि पहाटभर टिकणारा. तीस-चाळीस ल्युमेन खूप झाले. तुमची टायटॅनियमची बॅटरी तिथे दाखवलीत तर ती हातात घेतली जाईल, वजन पाहिले जाईल, कौतुकही होईल. मग कपाळाला पट्ट्याने बांधलेली दीडशे रुपयांची बॅटरी सावरत एखादी मावशी विचारेल, "चांगली हाय जी. पन फुलं कोन्या हातानं वेचाचे?"

या प्रश्नाला कुठल्याही कारागिराच्या माहितीपत्रकात उत्तर नाही. कपाळपट्टा वेगळा मिळतो, तो मागवावा. तोही महाग आहे.

रोजच्या वापराचे थोडक्यात असे: पावसाळ्याआधी चुडीच्या सांध्यातल्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावावे. रात्री बाहेर पडताना झोत पायाखाली धरावा; मण्यार रात्रीच फिरते आणि ती सहाशे मीटरवर नसते. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड मारू नये, तो बैलगाडीवाला असला तरी आणि तहसीलदार असला तर विशेषच. आणि मोहाच्या दिवसांत शेजारचे कुणी बॅटरी मागायला आले तर कपाटातली जुनी काढून देऊ नका, हीच द्या, कपाळपट्ट्यासकट. फक्त पूर्ण उजेड कसा लावायचा ते सांगू नका. सेल उजाडेपर्यंत पुरला पाहिजे.