आगाऊ बजेट

विद्यार्थ्यानं सणासुदीच्या भेटींसाठी तीन महिने आधीपासून पैसे बाजूला काढावेत, असा सल्ला देणारी माणसं बहुधा अशा मुलखात राहतात जिथं सण एकदा येतो आणि संपतो. नंदुरबार जिल्ह्यात तीन महिने आधी म्हणजे नेमकं कशाच्या आधी, इथंच गाडी अडते.

मी शहाद्याचा. आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते आणि सुरत-पुण्याकडे पांगलेले भाऊबंद रोट खायला गावी जमतात. येणाऱ्यानं रिकाम्या हातानं यायचं नसतं. ‘अजून शिकतोय’ ही सबब बारावीपर्यंत चालते, पुढं काकू ‘अजून?’ एवढंच विचारते. राखी त्याच्याच आगेमागे. त्यामुळे दिवाळीसाठी श्रावणात सुरू केलेला डबा श्रावणातच खडखडतो.

मग दिवाळी. पण कोणाची? माझा खोलीसोबती नवापूरचा. शासकीय वसतिगृहातून रोज आमच्याकडे चहाला येणारा मित्र धडगावचा. त्याला म्हटलं, “तुमची दिवाळी कधी?” म्हणाला, “गावानं ठरवली की!” सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांत दिवाळी गावोगाव वेगळ्या दिवशी होते. जाणती माणसं बसून दिवस ठरवतात. आपल्या गावची झाली की मामाच्या गावची, ती झाली की बहिणीच्या सासरची. पाहुण्यांना सगळीकडे हजर राहता यावं, अशी ही सोय. सोय पाहुण्यांची, खिशाची नव्हे. त्याच्या वहीत ‘दिवाळी’ या नावाखाली इतक्या नोंदी होत्या की मला वाटलं, पोराचं दुकान आहे.

मार्गशीर्ष पौर्णिमेला सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. काटकसरी विद्यार्थ्यानं तिकडं फिरकू नये. लाखालाखांच्या घोड्यांचे भाव तासभर ऐकले की आपल्याजवळचे तीनशे रुपये पैसेच वाटत नाहीत. मग भाचीला बांगड्या, भाच्याला पिपाणी, आईला देवघरातली घंटा असं सगळं घेतलं तरी घोडा न घेतल्यामुळे आपण बरीच बचत केली, असं समाधान वाटत राहतं.

शिस्तीचा म्हणावा तर एकटा नवापूरवाला. त्याच्या घरी नाताळ. 25 डिसेंबर कोणी पंच बसून हलवत नाही, तिथीच्या क्षयवृद्धीचं त्याला काही नाही. तो जूनपासून वहीत रकाने आखतो. कोणाला काय, केवढ्याचं, सगळं ठरलेलं. तारीख पक्की असल्यानं त्याच्याकडे डिसेंबरपर्यंत पैसे शिल्लक असत, आणि शिल्लक असत म्हणून आम्ही दोघं ते उसने नेत असू. आगाऊ बजेटाचा एवढा प्रत्यक्ष लाभ दुसरीकडं कुठं पाहिला नाही.

खरा कस होळीला. सातपुड्यात होळीपुढं दिवाळीही धाकटी. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं परततात, होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो. गूळ, दाळ्या, खजूर, साखरेचे हार, घरच्यांना कपडे. धडगाववाल्याच्या वसतिगृहात जेवणाऐवजी जेवणाचे पैसे थेट बँकखात्यात यायचे. त्याच्या अर्थशास्त्रात माघातली रात्रीची भाकरी म्हणजे फाल्गुनातली बहिणीची ओढणी. त्या दिवसांत तो आमच्याकडे चहाबरोबर पोळ्याही खायचा. वर काठी गावच्या राजवाडी होळीला चला, म्हणून आग्रह. तिथं रात्रभर ढोल आणि नाच, पहाटे उंच बांबूची होळी पेटते. हे पाहायला तिकीट नाही, पण अक्कलकुवा तालुक्यातल्या त्या डोंगरात जीपवाला फुकट नेत नाही.

यावर तिघांनी मिळून तोडगा काढला. विकत काही घ्यायचं नाही, घरचं द्यायचं. धडगावचा आमचूर, नवापूरची तूरडाळ (तिला भौगोलिक मानांकन आहे, उगाच नव्हे) आणि नंदुरबारची लाल मिरची. भाऊबीजेला मी तिन्ही पुड्या रंगीत कागदात बांधून ताईच्या ताटात ठेवल्या. तिनं कागद सोडला, वास घेतला, शिंकली आणि म्हणाली, “भाऊ, हाई ओवाळनी शे का किरानानी यादी?”

वर अक्षय्य तृतीयेचं बजावलं, “आखाजीले येसू, तवय साडी ठेवजो.”

साडी सुरतेची हवी आहे. नवापूरवाल्याला अजून सांगितलेलं नाही.