शैक्षणिक सहल, मुक्काम फड

तलवाड्याच्या पोरांना इतिहास कळावा म्हणून आपण त्यांच्याकडून पानिपतची सनावळी घोकून घेतो. त्यांच्याच गेवराई तालुक्यात, गोदाकाठच्या राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला धूळ चारली; पण ते पडलं घराजवळ, मग त्याला सहल कसं म्हणायचं? कलेसाठी बीडचं पाण्यातलं कंकालेश्वर मंदिर आहे. पण तिथल्या पाण्याला वॉटर पार्कसारखी घसरगुंडी नाही.

निसर्ग आणि विज्ञानाची सोय मात्र चोख. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कितीतरी लेकरं आईबापांसोबत फडावर जातात. कोयता, पाचट, कडाक्याची थंडी, सगळं प्रात्यक्षिक. २८ फेब्रुवारीला शाळेत विज्ञान दिनाची भाषणं होतात, तेव्हाही ही सहल सुरूच असते. शुल्क नाही, परतीची तारीख कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर ठरते.