कड्याच्या अलीकडचं दाखवा

चार मित्र, दोन फोन, एक ट्रायपॉड आणि एक नाव. नावात 'भटके', 'वेडे' किंवा 'सह्याद्री' यांपैकी एक शब्द असतोच. झाला चॅनल सुरू. पहिल्या चार-पाच व्हिडिओंत आमच्या नगर जिल्ह्यातला हरिश्चंद्रगड येतो आणि त्यातली पहिली चौकट असते कोकणकड्याची. काठावर बसलेली पाठमोरी आकृती, पाय दरीत सोडलेले, खाली ढग.

मला हे चॅनल मनापासून आवडतात. आठवडाभर कुठल्या तरी वर्कशॉपात किंवा कॉल सेंटरात राबणारी पोरं शनिवारी रात्री गाडी काढतात, पहाटे गडाच्या पायथ्याशी पाचनईला पोचतात. एकजण गाडी चालवतो, एकाला कॅमेरा कळतो, एकाला बोलता येतं आणि चौथा सोमवारची रात्र जागून एडिटिंग करतो. पैसे मिळायच्या कितीतरी आधी हे सगळं सुरू असतं. वीस-पंचवीस वर्षांच्या पोरांनी मैत्रीतून काहीतरी नेटाने उभं करावं, याहून चांगली गोष्ट कुठली?

माझी तक्रार एकच आहे. कॅमेऱ्याचं तोंड फक्त कड्याकडे असतं. कड्याच्या अलीकडे जे आहे, त्याच्याकडे पाठ.

अलीकडे काय आहे? हरिश्चंद्रेश्वराचं दगडी मंदिर आहे. केदारेश्वराची गुहा आहे. तिथं बर्फासारख्या गार पाण्यात पिंड आहे, भोवती चार खांब होते, त्यांतला एकच धड उरलाय. चांगदेवांनी 'तत्त्वसार' इथं लिहिलं असं परंपरा सांगते. कड्यावर ढग आणि ऊन यांचा नेमका मेळ बसला तर गोल इंद्रधनुष्य दिसतं, त्याच्या मधोमध आपलीच सावली. त्याला आपण इंद्रवज्र म्हणतो. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ते इथं पाहिलं आणि त्याचं वर्णन १८३५ साली छापून आलं. त्याच्याकडे कॅमेरा नव्हता. म्हणून सूर्य कुठं होता, ढग कुठं होता, आपण कुठं उभे होतो, हे त्याला शब्दांत मांडावं लागलं. आज कॅमेरा आहे. मग व्हिडिओत फक्त 'भावांनो, कसला व्ह्यू आहे!' एवढंच का ऐकू यावं?

आणि वाट. वाट तर व्हिडिओतून गायबच असते. गाडीचं दार लागतं, ढोल वाजतो, पुढच्या क्षणी सगळे कड्यावर. मधले दोन-तीन तास कापलेले. ते कंटाळवाणे म्हणून कापले जातात, मला ठाऊक आहे. पण बघणाऱ्याला उद्या जायचं असतं ते त्याच दोन-तीन तासांतून. पाचनईची वाट सोपी, खिरेश्वराहून तोलार खिंडीची वाट लांबची आणि अंगावर येणारी, नळीची वाट तर जाणत्यांनीच धरावी अशी. हा फरक ज्या व्हिडिओत नाही, तो व्हिडिओ बघणाऱ्याला कड्यापर्यंत ओढून नेतो आणि खिंडीतल्या धुक्यात एकटा सोडतो.

यूट्यूब यायच्या कितीतरी आधी आनंद पाळंद्यांचं 'डोंगरयात्रा' आलं. भटक्यांच्या दोन पिढ्यांनी ते पाठपिशवीत वागवलं. त्यात नकाशे होते, वाटा होत्या, कुठून चढायचं नि कुठं उतरायचं ते होतं. मिलिंद गुणाजींनी टीव्हीवर 'भटकंती' आणली तेव्हा लोक घरात बसून किल्ले बघायला शिकले. म्हणजे परंपरा आहे. चॅनलवाल्या पोरांनी ती मोडलेली नाही, पण तिचा अर्धाच भाग उचललाय. बघायला लावणं उचललं, वाट सांगणं खाली ठेवलं.

कड्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जानेवारी २०२० मध्ये अरुण सावंत कोकणकड्यावर दोराच्या मोहिमेत मृत्युमुखी पडले. सह्याद्रीत चार दशकं घालवलेला माणूस, महाराष्ट्रातल्या जुन्या जाणत्या गिर्यारोहकांपैकी एक. कितीतरी जणांना त्यांनी दोर धरायला शिकवलं होतं. अशा माणसालाही कड्याने सूट दिली नाही. जुलै २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यात माणगावच्या बाजूला कुंभे धबधब्यापाशी व्हिडिओ करताना मुंबईची एक तरुणी दरीत कोसळली आणि गेली. तीही मित्रांबरोबरच आली होती. ज्या चॅनलवर कड्याच्या काठावर पाय सोडून बसलेलं चित्र मुखपृष्ठासारखं झळकतं, त्या चॅनलने या दोन्ही गोष्टी आपल्या प्रेक्षकांना सांगाव्यात. काठापासून मागे सरून, पोटावर झोपून कसं डोकवायचं हे एकदा दाखवावं. वीस सेकंदं लागतात.

काठावरच का बसतात, हेही समजून घेऊ. हिशेब आहे तो. लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सदस्य आणि वर्षभरात ४००० तास बघितलं जाणं लागतं. ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. दहा मिनिटांचा व्हिडिओ अथपासून इतिपर्यंत २४,००० वेळा बघितला गेला तर तेवढे होतात. अर्धवट बघणारे धरले तर आकडा आणखी फुगतो. त्यानंतर जाहिरातीच्या उत्पन्नाचे ५५ टक्के चॅनलला, उरलेले कंपनीला. एवढ्या चढणीपुढे पाचनईची चढण काहीच नाही. म्हणून थंबनेलवर लाल बाण, म्हणून 'इथं गेलेला परत येत नाही' असलं शीर्षक. पोरं वाईट नाहीत, आकडा त्यांना काठाकडे ढकलतो. पण ढकलणारा कोण हे कळल्यावर तरी मागे सरता येतं ना?

या हिशेबात एक खातं कोरंच राहतं, ते गावाचं. ५५ टक्के तुमचे, ४५ टक्के कंपनीचे. सामरद गावाचे? शून्य. ज्या सामरदच्या पोराने तुम्हाला सांदण दरीत उतरवलं, कमरेएवढ्या पाण्यातून कॅमेऱ्याची पिशवी डोक्यावर धरून पलीकडे नेली, त्याचं नाव व्हिडिओत नसतं. 'लोकल दादा' असतो. दादाला नाव असतं. त्याला विचारून ते पडद्यावर लिहा. त्याला चालत असेल तर त्याचा नंबर द्या, दर द्या. जेवलात त्या घराचं नाव द्या. पिठलं-भाकरीचं कौतुक चार वेळा होतं, ती थापणाऱ्या बाईचं एकदाही होत नाही.

हा सगळा महादेव कोळी आणि ठाकर वस्तीचा मुलूख आहे. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे याच डोंगरांच्या बळावर इंग्रजांशी लढले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, हे प्रत्येक व्हिडिओत येतं आणि ते यायलाच हवं. पण नवरात्रात याच शिखरावरच्या देवीला जायला पायथ्याच्या बारीच्या आजूबाजूच्या गावांतल्या बाया शिड्या चढतात, हेही येऊ द्या. साहस म्हणून आपण ज्याचं चित्रण करतो, ते कुणाचं तरी रोजचं जाणं-येणं असतं.

काजव्यांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तिथं नुकसान प्रत्यक्ष होतंय. मे संपताना आणि जून लागताना भंडारदऱ्याच्या बाजूला झाडंच्या झाडं लुकलुकतात. हा प्रदेश १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. काजवा चमकतो तो जोडीदाराला बोलवायला. त्याचं प्रौढ आयुष्य अगदी थोड्या दिवसांचं, आणि त्यातलं मुख्य काम हेच. त्यात मोटारींचे दिवे, हेडटॉर्च आणि रील करणाऱ्यांचे फ्लॅश आले की ते बोलावणं पोचतच नाही. अळ्या जमिनीवर पाचोळ्यात असतात, अनेक जातींच्या माद्याही खालीच असतात. वाट सोडून आत शिरणारा प्रत्येक बूट त्यांच्यावर पडतो.

आणि एक तांत्रिक गोष्ट, जी चॅनलवाल्यांना पक्की माहीत असते पण ते सांगत नाहीत. सोन्याचा पाऊस पडावा तसे काजव्यांचे जे फोटो फिरतात, त्यांतले बरेचसे एका क्लिकमध्ये आलेले नसतात. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून, शटर बराच वेळ उघडं ठेवून अनेक फोटो काढतात आणि मग संगणकावर एकावर एक चढवतात. डोळ्याला दिसतं ते वेगळं आणि, माझ्या मते, त्याहून सुंदर. झाड एका लयीत विझतं, पेटतं. पण फोटो बघून आलेला माणूस म्हणतो, 'एवढेच?' आणि जवळ जाऊन टॉर्च मारतो. म्हणून फोटोखाली एक ओळ लिहा, की हा इतक्या फोटोंचा मिळून झालाय. त्या एका ओळीने काजवे वाचतील.

ड्रोनचंही तसंच. अभयारण्यात तो उडवायला वनखात्याची परवानगी लागते. ती घेतली असेल तर व्हिडिओत सांगा, म्हणजे पुढचाही घेईल. नसेल घेतली, तर तो शॉट कितीही देखणा असो, वापरू नका.

आता जिल्ह्याकडे या. नाव २०२४ मध्ये बदलून अहिल्यानगर झालं, क्षेत्रफळ होतं तेवढंच आहे: १७,०४८ चौरस किलोमीटर, राज्यात सर्वांत मोठा जिल्हा. आणि भटकंतीच्या चॅनलवर त्याचा एकच तालुका, अकोले. निघोजजवळ कुकडी नदीने कातळात कोरलेले रांजणखळगे आहेत, गोटे गरगरा फिरून फिरून झालेले. पावसाळा ओसरल्यावर जा, नदी दगड कशी कोरते हे कॅमेऱ्यासमोर उघडं पडलेलं आहे. कर्जतला रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. टाकळी ढोकेश्वरची लेणी आहेत. नगरच्या भुईकोटात नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, १९४२ ते १९४५ या कैदेत. खर्ड्याचा किल्ला आहे, १७९५ च्या लढाईचा. प्रवरेकाठी दायमाबाद आहे, तिथं १९७४ मध्ये कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा, म्हैस सापडले, हजारो वर्षांपूर्वीचे. श्रीरामपूरच्या पोरांनी दायमाबादवर वीस मिनिटांचा व्हिडिओ केला तर तो मी दोनदा बघेन.

कड्याशिवाय चॅनल चालत नाही, असं सांगणाऱ्याला मी नगर तालुक्यातल्या सारोळा कासारला पाठवतो. सुमन धामणे या सत्तरीतल्या आजींनी २०२० मध्ये नातवाच्या मदतीने 'आपली आजी' चॅनल सुरू केला. नातू कॅमेऱ्यामागे, आजी चुलीपुढे. यूट्यूब म्हणजे काय हे आजींना आधी ठाऊक नव्हतं. भाजी मात्र पोटातून ठाऊक होती. त्याच वर्षी कुणी तरी चॅनल हॅक केला, तोही त्यांनी परत मिळवला. लाखो लोक बघतात. दरी नाही, ड्रोन नाही, लाल बाण नाही. किती मीठ, कधी घालायचं, गॅस असेल तर काय करायचं, सगळं नीट सांगितलेलं. बघणारा उठतो आणि करतो. जमतं त्याला.

भटकंतीच्या व्हिडिओकडूनही मला नेमकं हेच हवंय. बघणारा उठला, गेला, तर त्याला जमलं पाहिजे आणि रविवारी रात्री तो घरी जेवायला हवा.

हे सगळ्यात चांगलं कोण करेल, याबद्दल माझं मत ठाम आहे. अकोले तालुक्यातलीच पोरं. राजूरच्या कॉलेजात शिकणारी, पाचनईला, रतनवाडीला, सामरदला घर असलेली. त्यांना नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, वारा कधी उलटा फिरतो ते माहीत आहे, कुठला झरा एप्रिलमध्ये आटतो ते माहीत आहे, आणि फोन तर खिशात आहेच. शहरातल्या चॅनलवाल्या मित्रांनी पुढच्या खेपेला आणखी एक लाल बाण बनवण्याऐवजी एक जुना ट्रायपॉड, एक कॉलर माइक घेऊन जावं आणि गावातल्या दोघांना एडिटिंग शिकवावं. मुक्काम एक रात्र वाढेल. व्हिडिओ त्यांच्या चॅनलवर जाऊ द्या, खाली तुमचं नाव येईलच.

तोवर तुमच्या पुढच्या हरिश्चंद्रगडाच्या व्हिडिओत एवढं घाला: पाचनईहून किती वाजता निघालात, पाणी कुठं भरलंत, वाटाड्याचं नाव काय, त्याला किती दिलेत, कड्यावर किती वेळ थांबलात आणि अंधार पडायच्या आत खाली कसे आलात. उतरण कापू नका. गुडघे तिथंच दुखतात, वाट तिथंच चुकते, आणि मित्र कसा आहे तेही तिथंच कळतं.